रायडिंग जॅकेट ढगळ, लेदर आवळतंय: टेलरकडे काय द्यावं आणि काय देऊ नये

नाशिकहून आलेला प्रश्न असा आहे. मावसभावाने वापरलेलं मेशचं, म्हणजे जाळीदार कापडाचं रायडिंग जॅकेट ताईंना मिळालं आहे, साइझ एल. खांद्यात नीट बसतं, पण अंगात ढगळ आहे आणि कोपराचा गार्ड घसरून मनगटाच्या दिशेने जातो. सोबतची पँट कमरेत सैल आणि पायात लांब. यजमानांच्या लेदर जॅकेटचं उलट आहे. ते पोटावर आवळतं, चेन वर जात नाही. गल्लीतले टेलर म्हणतात, "आणा, सगळं फिटिंग करून देतो." तर द्यावं का?

ताई, द्या, पण सगळं देऊ नका, आणि त्यांच्याकडे कोणती मशीन आणि कोणता दोरा आहे हे बघितल्याशिवाय तर नाहीच. मी पुण्यात बॅगा, तंबू आणि रायडर मंडळींचे कपडे शिवतो, दुरुस्त करतो. तुमच्यासारखी जॅकेटं माझ्याकडे सतत येतात, विशेषतः बायकांची, कारण आपल्याकडे बायकांच्या मापाचं गिअर आजही कमी मिळतं आणि बहुतेक जणी पुरुषी मापाचं लहान साइझ घेऊन निभावतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शर्ट ढगळ असला तर तो फक्त वाईट दिसतो. रायडिंग जॅकेट ढगळ असलं तर पडल्यावर ते अंगाभोवती फिरतं. कापड डांबराला धरून राहतं, आतलं शरीर पुढे सरकत जातं, आणि ज्या क्षणी कोपर रस्त्यावर आपटायचं त्याच क्षणी गार्ड दंडाच्या आतल्या बाजूला गेलेला असतो. जॅकेट महागाचं असो, वर कुठलीही प्रतवारी छापलेली असो, गार्ड जागेवर नसेल तर कोपराला त्याचा उपयोग शून्य. म्हणून या कामात कापडाच्या आधी आर्मर, म्हणजे हे आतले गार्ड, बघायचं. तुमच्या टेलरला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. ते कपडा अंगावर कसा दिसतो ते बघणार, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केलं आहे आणि चांगलं केलं आहे. आर्मर कुठे बसलं पाहिजे हे तुम्ही त्यांना दाखवायचं.

माप आरशासमोर उभं राहून घेऊ नका. घरच्या कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, पूर्ण पोशाखात गाडीवर बसा, दोन्ही पाय फूटपेगवर आणि हात हँडलवर. पाठीचा प्रोटेक्टर आत असू दे. थंडीचं अस्तर घालून चालवणार असाल तर तेही घाला, नाहीतर उन्हाळ्यात मापाने आवळलेलं जॅकेट डिसेंबरात चेन लागू देणार नाही. आता बघा. हात पुढे गेले की बाही सहज दोन इंच वर चढते. गुडघे वाकले की पँटचा पाय तितकाच वर सरकतो. रायडिंगच्या कपड्यांची बाही मुळातच वाकडी आणि लांब कापलेली असते, पँटचा पाय लांब ठेवलेला असतो, तो याच स्थितीसाठी. उभं राहिल्यावर "लांब आहे" असं वाटतं त्यातलं निम्मं लांब नसतंच. बुटांवर चुण्या पडलेली पँट उभ्याने मापून कापली आणि गाडीवर बसल्यावर नडगी उघडी पडली, असे नमुने मी पुष्कळ बघितले आहेत. कापलेलं परत जोडता येत नाही.

गाडीवर बसल्या बसल्याच खडूने खुणा करा. कोपर वाकवून त्याचं टोक कुठे येतं तिथे बाहेरून एक फुली. गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध दुसरी. खांद्याच्या हाडाचं टोक तिसरी. मग जॅकेट काढून उलटं करा आणि गार्डच्या मधला खोलगट भाग त्या फुलीखाली येतो का ते चाचपा. गार्ड एकदा बाहेर काढूनही बघा. त्यावर अक्षरं कोरलेली असतात: खांद्याच्या गार्डवर एस, कोपराच्या ई, गुडघ्याच्या के, खुब्याच्या एच. शेजारी ए किंवा बी असतं, म्हणजे लहान आकार की मोठा, आणि 1 किंवा 2 ही धक्का झेलण्याची लेव्हल. वापरलेल्या जॅकेटात धुण्यासाठी काढलेले गार्ड परत घालताना अदलाबदल झालेली असते, हे वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. कोपराच्या खिशात खांद्याचा गार्ड असेल तर तो घसरणारच, त्यात शिवणीचा दोष नाही. पाठीच्या खिशात नुसता मऊ फोम असेल आणि त्यावर कसलाही शिक्का नसेल, तर अल्टरच्या पैशातले थोडे वाचवून आधी ईएन 1621-2 हे युरोपचं मानक लिहिलेला पाठीचा प्रोटेक्टर घ्या. नव्या प्रोटेक्टरची जाडी वेगळी असते, म्हणून तो घालूनच माप द्या.

गार्ड बरोबर आहे पण खाली बसतो, असं दिसलं तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम म्हणजे आर्मरचा खिसा सरकवणं. हा खिसा बाहेरच्या कापडाला नसून आतल्या अस्तराला शिवलेला असतो. टेलरने अस्तर एका शिवणीवर थोडं उसवायचं, खिसा सोडवून दीड-दोन इंच वर घ्यायचा आणि परत टीप मारायची. सुई बाहेरच्या कापडातून एकदाही जात नाही, त्यामुळे जॅकेटची मूळ ताकद जशीच्या तशी राहते. हे काम गल्लीतला टेलरही करू शकतो. दोन गोष्टी मात्र सांगा. एक, अस्तर जाळीचं आणि लोंबतं असेल तर खिसा वर घेऊनही ते अस्तर खिशासकट फिरेल. बाहीच्या आतल्या शिवणीच्या दाबाला, म्हणजे आत राहिलेल्या जादा कापडाला, अस्तर दोन-तीन ठिकाणी टेपच्या बोटभर तुकड्यांनी टाचून घ्यायचं. जॅकेट उलटं केल्याशिवाय हे दिसतही नाही, पण गार्ड जागेवर राहतो तो यानेच. दुसरी, खिसा मापापेक्षा मोठा असेल तर बाजूने टीप मारून तो गार्डला घट्ट करायचा. पँटच्या गुडघ्याला खिसा वेलक्रोवर टांगता आला तर उत्तम, म्हणजे पुढे स्वतःच वर-खाली करता येईल.

बाहीचा दुसरा दोष रुंदीचा. गार्ड योग्य उंचीवर असूनही हाताभोवती फिरत असेल तर बाही रुंद आहे. एका हाताने गार्ड पकडून फिरवून बघा. तो कोपरावरून बाजूला उतरतो का? उतरत असेल तर बाही आतल्या शिवणीवर, म्हणजे बगलेपासून मनगटापर्यंत जाणाऱ्या शिवणीवर दाबायची, म्हणजे शिवण आत घेऊन अरुंद करायची. त्याआधी दंडावर आणि कोपराखाली आवळायचे पट्टे आहेत का बघा. असतील तर ते बहुधा कधी आवळलेलेच नसतात. नसतील तर नवे लावून घेता येतात, आणि मला विचाराल तर शिवण दाबण्यापेक्षा पट्टा कधीही बरा, कारण तो उद्या सैल करता येतो. बाहीची लांबी मात्र शक्यतो सोडून द्या. खाली मनगटाला चेन, झडप, वेलक्रो एवढं सगळं असतं. ते कापून वर घेणं म्हणजे बाही नव्याने बांधणं. मनगटाचा पट्टा नीट आवळला की जादा लांबी दंडावर चुणी होऊन राहते आणि तळहातावर उतरत नाही. ती थ्रॉटलच्या हातावर येतच राहिली, तरच त्या कामाकडे वळा.

आता अंग. ढगळ जॅकेट दाबायची जागा एकच: बगलेखालून घेरापर्यंत जाणारी बाजूची शिवण. यामागे कारण आहे. युरोपच्या ईएन 17092 या मानकात कपड्याला एएए, एए, ए असे वर्ग देताना त्याचे भाग पाडतात. खांदे, कोपर, खुबे, गुडघे हा पहिला भाग. पडल्यावर पहिला मार त्यांनाच बसतो, म्हणून तिथल्या कापडाची आणि शिवणीची परीक्षा सगळ्यात कडक. उलट बगल, बाहीची आतली बाजू असे भाग रस्त्याला कमी लागतात. आपल्याला जी काही सुई घालायची ती या कमी मार बसणाऱ्या भागांत घालायची. म्हणून खांद्याची शिवण, मुंढ्याची बाहेरची बाजू, कोपरावरून जाणारी शिवण, पँटला खुब्यावरून जाणारी बाहेरची शिवण आणि आसन, यांना हात लावू नका. खांदा मोठा असेल तर जॅकेट परत करा किंवा विका. खांदा अल्टर करून देतो असं कुणी म्हणालं तरी देऊ नका. तुमचं खांद्यात बसतं म्हणता, म्हणजे मुख्य अडचण मिटलेलीच आहे.

दोन्ही बाजूंना मिळून तीन इंचांपर्यंत सहज दाबता येतं. त्यापुढे खिसे पाठीकडे ओढले जातात आणि पुढची चेन बसल्यावर पोटावर फुगते. करायचं असं: घेराजवळ किंवा बाहीच्या अस्तरात शिवण उसवून जॅकेट तिथून उलटं काढायचं, बाजूची मूळ शिवण कशी आहे ते नीट बघायचं आणि तशीच परत करायची. चांगल्या जॅकेटात ही शिवण एकेरी नसते. आत एक टीप असते, मग दाब एका बाजूला दुमडून वरून आणखी एक किंवा दोन टिपा. वरून दिसणाऱ्या टिपा शोभेच्या नाहीत. ताण पहिल्यांदा आतल्या टिपेवर येतो, ती सुटली तरी वरची धरून ठेवते. टेलर घाईत आतली एक टीप मारून "झालं" म्हणतात. आठवणीने वरची टीपही मारून घ्या, आणि दुमडलेला दाब दोन्ही टिपांत पकडला गेला आहे ना ते बघा. जादा कापड कापू देऊ नका. अर्धा इंच ते पाऊण इंच दाब आत पसरून ठेवला तर टोचत नाही, आणि उद्या वजन वाढलं किंवा जॅकेट बहिणीला दिलं तर उसवता येतं. कॉर्ड्युरासारखं जाड नायलॉन कापावंच लागलं तर कडा तापवून बंद करायची, नाहीतर तिचे धागे सुटत सुटत टिपेपर्यंत पोचतात. बाजूच्या शिवणीत हवा खेळवायची चेन असेल तर हे काम दुप्पट होतं. तिथे कमरेचा पट्टा वाढवून भागतंय का ते आधी बघा.

बायकांच्या अंगाला पुरुषी जॅकेट बसवताना छातीत बरोबर, कमरेत ढगळ आणि खाली घेरात आवळलेलं, अशी त्रेधा असते. नुसती बाजू दाबली तर घेर आणखी आवळतो आणि गाडीवर बसलं की जॅकेट वर चढून पाठ उघडी पडते. अशा वेळी कमरेत दाबायचं आणि खाली घेराला दोन्ही बाजूंना कळी घालायची, हे एकाच वेळी करावं लागतं. ब्लाउज, कुर्ते शिवणाऱ्या माणसाला कळी हा प्रकार पाठ असतो. त्याला फक्त कापड आणि दोरा योग्य द्यायचा.

दोऱ्याबद्दल मी जरा हट्टाने सांगतो, कारण अल्टर केलेली शिवण बहुतेक वेळा तिथेच हरते. दोऱ्याची जाडी टेक्समध्ये मोजतात; शर्टाचा नेहमीचा दोरा टेक्स 27 च्या आसपासचा असतो. रायडिंगच्या कापडाला टेक्स 70 चा बॉन्डेड नायलॉन किंवा बॉन्डेड पॉलिस्टर दोरा लागतो, लेदरच्या जाड जोडांना 90 ते 135. ओळखायची सोपी पद्धत: दोऱ्याचं टोक चिमटीत धरून उलटा पीळ द्या. साधा दोरा लगेच सुटा होतो, केसाळ दिसतो. बॉन्डेड दोऱ्याचे पदर एकमेकांना चिकटून राहतात, कारण त्यावर लेप असतो. पुण्यात रविवार पेठेत शिवणसामानाच्या दुकानांतून आणि बॅगवाल्यांकडे तो मिळतो. तुमच्याकडे बॅगा किंवा गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याला विचारा, तो कुठून आणतो ते कळेल. दोरा स्वतः विकत घेऊन टेलरच्या हातात द्या, आणि बॉबिनमध्येही तोच भरायला सांगा. वर जाड दोरा आणि खाली बॉबिनमध्ये शर्टाचा, हा प्रकार फार चालतो. वरून शिवण दणकट दिसते आणि ताणली की खालचा दोरा पटापट तुटत जातो.

सुई 16 किंवा 18 नंबरची, कापडाला गोल टोकाची. लेदरला टोकाशी धार असलेली, कापत जाणारी सुई लागते. तीच कॉर्ड्युरावर चालवली तर विणीचे धागे कापते, म्हणून लेदरचं आणि टेक्स्टाइलचं काम एका बैठकीत देत असाल तर सुई बदलली का ते विचारा. टाका साधारण 3 मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला आठ. शर्टासारखा बारीक टाका मजबूत वाटतो, पण लेदरला तो टपाल तिकिटांच्या कागदासारखी भोकांची रांग पाडतो आणि ते त्या रेषेवर फाटतं.

मशीन कोणती? घरगुती मशीन तर नाहीच, पण शर्टवाल्याची जुकी, म्हणजे टेलरकडची नेहमीची मोठी मशीनही जाड जोडावर अडते. खालचं कापड पुढे सरकतं, वरचं मागे राहतं, आणि शिवण चुणते. बॅगा, सोफा, सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे वॉकिंग फूट मशीन असते. तिचा वरचा पाय कापडाबरोबर चालतो, त्यामुळे चार पदर असले तरी एकत्र सरकतात. म्हणून मी लोकांना सांगतो, की आर्मरचा खिसा आणि अस्तराचं काम नेहमीच्या टेलरला द्या, बाहेरच्या कापडाचं काम बॅगवाल्याला. फिटिंगची नजर टेलरची आणि जोडाची ताकद बॅगवाल्याची. दोन्ही असलेला एकच माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. पण सगळ्याच्या आधी जॅकेट ज्या कंपनीचं आहे तिला एकदा विचारून बघा. काही भारतीय कंपन्या आपलं गिअर दुरुस्त करून देतात, आणि त्यांच्याकडे तेच कापड, तीच चेन असते. हेही लक्षात असू द्या, की लेबलवरचा वर्ग ज्या अवस्थेत कपडा तपासला त्या अवस्थेसाठी असतो. आपण शिवण बदलली की ती हमी त्या जागेपुरती आपल्या कारागिराच्या हातावर येते.

पँटचं तुम्ही दोन तक्रारींत सांगितलंत, कमर सैल आणि पाय लांब. त्या दोन नाहीत, एकच आहे. कमर सैल असली की पँट खाली उतरते. उतरली की गुडघ्याचा गार्ड नडगीवर येतो आणि पाय लांब वाटतो. आधी कमर धरा, मग परत गाडीवर बसून बघा, पायाची तक्रार निम्म्याहून कमी झालेली असेल. कमर धरताना मागच्या बाजूला जॅकेट आणि पँट जोडणारी चेन आहे का ते बघायला सांगा. मागची मधली शिवण दाबली की ती चेन वाकडी होते आणि जॅकेटला लागत नाही. दाबायचं ते चेनच्या दोन्ही टोकांच्या पलीकडून, बाजूंना, आणि खुब्याच्या गार्डच्या बरंच वर थांबायचं. शिवणकाम नकोच असेल तर गॅलस लावा. खांद्यावरून आलेले ते दोन पट्टे पँट दिवसभर जागेवर ठेवतात, आणि रायडिंगच्या पँटला आत त्यासाठी हूकही लावून घेता येतात.

एवढं करूनही पाय लांब राहिला तर बसलेल्या स्थितीत घोट्याच्या हाडाखाली दोन बोटं एवढी लांबी ठेवून बाकीचं आत दुमडा, कापू नका. खालच्या चेनचं टोक दुमडीत जात असेल तर चेन वरून छोटी करावी लागते, आणि रनर निसटू नये म्हणून टोकाला पक्का अडसर शिवावा लागतो. रनर बदलायचाच असेल तर जुन्याच्या पाठीवर कोरलेला आकडा बघा, 5, 8 किंवा 10. तोच नंबर आणि त्याच प्रकारच्या दातांचा घ्यायचा.

रायडिंग जीन्स कुणाकडे असेल तर एक सूचना. आत केव्हलर या घसटीला टिकणाऱ्या धाग्याचं पिवळसर अस्तर असेल तर ते टेलरच्या नेहमीच्या कात्रीला दाद देत नाही, धागे ओढले जातात. न कापता दुमडून घ्यायला सांगा. काही जीन्समध्ये केव्हलरऐवजी पॉलिइथिलीनच्या मजबूत धाग्यांचं, पांढरं अस्तर असतं, आणि ते साधारण 145 ते 150 अंशांना वितळतं. जाड सुती कपड्याची इस्त्री त्याहून कितीतरी तापते. टेलर सवयीने शिवण बसवायला इस्त्री फिरवतात, आणि तुमचं घसटीपासूनचं संरक्षण तिथल्या तिथे आकसून जातं. मेश, नायलॉन, रिफ्लेक्टरची पट्टी, यांनाही इस्त्री नको. शिवण बोटाने किंवा लाकडी ठोकळ्याने दाबून बसवायची. हे कागदावर लिहून जॅकेटला टाचूनच ठेवा, कारण काम सांगितलं एकाला आणि करतो दुसरा.

पावसाळ्याचं अस्तर सुटं असेल, चेनने निघणारं, तर ते काढून घरी ठेवा, देऊच नका. बाहेरचं जॅकेट तीन इंच दाबलं तरी आतलं अस्तर चुणीने सामावतं. वॉटरप्रूफ पदर बाहेरच्या कापडालाच चिकटलेला असेल तर मात्र अंग दाबायचा विचार सोडा. सुईचं प्रत्येक भोक गळतं, आणि आतून शिवणीवर लावलेली टेप परत बसवायला गरम हवेची वेगळी मशीन लागते. इगतपुरीच्या पावसात ते पहिल्या तासाभरात कळेल.

आता यजमानांचं लेदर. लेदर दाबता येतं, सोडता जवळजवळ येत नाही, कारण आत दाबच अर्ध्या इंचाहून कमी ठेवलेला असतो आणि जुनी शिवण उसवली की तिची भोकं कायमची राहतात. उसवून थोडं बाहेर घेतलं तर जुन्या भोकांची रांग बाहेर उघडी पडते. त्यामुळे पोटावर आवळणाऱ्या जॅकेटला उपाय एकच, दोन्ही बाजूंच्या शिवणीत पट्टी घालणं. पट्टी त्याच जाडीच्या गाईच्या किंवा म्हशीच्या लेदरची हवी, 1.2 मिलिमीटर किंवा अधिक. पर्स शिवायचं पातळ लेदर नको, रेक्झिन तर नकोच. काही जण तिथे रायडिंग सूटला असते तशी ताणणारी, चुण्यांची लेदर पट्टी घालतात. ती सगळ्यात सुखाची, पण ती बनवणारा हात हवा. लेदरला टाचण्या लावायच्या नाहीत, चिमटे लावायचे. जोडाच्या कडा तासून पातळ करायच्या, सोल्युशनने चिकटवायच्या, हातोडीने बसवायच्या आणि मग शिवायच्या. हे काम कपड्याच्या टेलरचं नाही. मुंबईला कुणी जाणारं असेल तर धारावीत लेदरचे कपडे आणि बॅगा बनवणाऱ्यांची रांगच आहे. नमुना म्हणून दोन तुकडे जोडून दाखवायला सांगा आणि तो जोड दोन्ही हातांनी ओढून बघा. जॅकेट जुनं असेल तर देण्याआधी आतल्या दाबाची कडा नखाने दुमडून पाहा. तिथे भेगा पडत असतील तर लेदर सुकलं आहे. त्यावर खर्च करू नका, गिअर म्हणून वापरूही नका.

दोन इंचांहून जास्त कमी पडत असेल तर यजमानांनी नवीन मापाचं घ्यावं. पट्टी जितकी रुंद तितके खांद्याचे आणि पाठीचे भाग एकमेकांपासून ओढले जातात, आणि शेवटी गार्ड जागेवर राहत नाहीत.

हातमोज्यांची शिवण, हेल्मेटचं आतलं काहीही आणि एअरबॅगचं जॅकेट, हे कुठल्याच टेलरला देऊ नका. एअरबॅग फुगायला अंग आणि कपडा यांच्यामध्ये ठरावीक जागा लागते, म्हणून तिच्यावर घालायचं जॅकेटही दाबून घ्यायचं नसतं. बुटाची चेन किंवा पोटरीवरचं इलॅस्टिक बूट दुरुस्त करणारे कारागीर छान करतात.

देण्याआधी गार्ड काढून सगळं धुवा. महिन्याभराच्या घामाचा आणि डांबराच्या धुळीचा कपडा कुणाच्या मांडीवर टाकणं बरं नव्हे, आणि धुळीची रेती सुई-दोरा दोन्ही खाते. गार्ड मात्र पिशवीत घालून सोबत न्या, कारण खिसा गार्ड घालूनच मापायचा आहे. मजुरी जीन्स अल्टरच्या हिशेबाने ठरवू नका. अस्तर उसवण्यात आणि परत बंद करण्यातच निम्मा वेळ जातो; वेळेचे पैसे द्या आणि घाई करू नका.

परत आल्यावर जॅकेट उलटं करून नव्या शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड मुठीत धरा आणि जोरात ओढा. शिवणीच्या फटीतून दोऱ्याचे आडवे टाके शिडीसारखे उघडे दिसले तर ताण सैल आहे, परत टीप मारून घ्या. टिपेच्या दोन्ही टोकांना उलट टाके घेतलेत का ते बघा. मग गार्ड घालून पुन्हा गाडीवर बसा, खडूच्या फुल्या जुळतात का तपासा, आणि पहिली राइड त्र्यंबकेश्वरपर्यंतचीच ठेवा. तिथे पोचल्यावर उतरायच्या आधी, हात हँडलवर असतानाच, कोपराचा आणि गुडघ्याचा गार्ड चाचपा. वेलक्रोचा खिसा तेवढ्यात अर्धा इंच खाली आलेला असेल तर तो वर घेऊन लावा. अस्तराला शिवलेला खिसा सरकला असेल तर अस्तर टाचलेले टेपचे तुकडे कमी पडले आहेत. आणखी दोन लावून घ्या.